घुमटावरची मैना

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर मैनानं आणि तिच्या नवऱ्यानं गावची मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. तेल्हाऱ्याकडच्या त्या गावानं मग त्यांना मजुरीच देणं बंद केलं. दोघं अकोल्यात आली. नवरा कापसाच्या जिनात लागला, मैना एका दर्ग्याच्या दुरुस्तीवर चुना मळू लागली.

घुमटावरच्या झडलेल्या चांदण्या म्हातारे उस्मान मिस्त्री चुन्यात पुन्हा उठवत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तशी त्यांनी चुना लावायची करणी मैनाच्या हाती दिली.

"घुमट वर आवळत जाते, बेटी. खाली दहा टोकांची चांदणी, वर आठाची, शेंड्याकडे सहाची. टोकं कमी कर, चांदणी मोडू नको."

सुरुवातीला तिच्या रेघा वाकड्या जात. मिस्त्री बोटांनी चाचपत आणि पुसायला लावत.

एके सकाळी ठेकेदार खुशालराव आला. मैनाला वर पाहून भडकलाच.

"उतर खाली! पीराच्या डोक्यावर बाई चढवली म्हणून लोकं माह्या तोंडात शेण घालतीन. त्यातून तुमची जात!"

"जात त गावातच टाकून आली, भाऊ. चुना ओला हाय. आता सोडला त वाया जाईन."

"उतरत नाही? मंग राह्य तिथंच." त्यानं गड्यांकडून परांचीची शिडी काढवली.

मैनानं खाली पाहिलं. बांबू घट्ट धरून ती ओरडली, "ने शिडी! आता काम झाल्याबिगर मी उतरतच नाही."

ऊन चढलं. मिस्त्री खालून विचारत, "कुठवर आली?"

"आठाची झाली. सहाची घेऊन राहिली!"

दर्ग्याचे मुजावर बाहेर आले. त्यांनी दोरीला पाण्याची कळशी बांधून वर चढवली, मागून चुन्याचं घमेलं. "पीराले काही तकरार नाही, खुशालराव. तुमाले काहून होऊन राहिली?"

खुशालराव सायकलवर बसून निघून गेला.

शेंड्याखालची शेवटची चांदणी दिवस कलता कलता पुरी झाली. मुजावरांनीच शिडी लावली. मैनाचे तळहात चुन्यानं फाटले होते, पण उतरताना तिनं कुणाचा हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी खुशालरावानं तिला कामावरून काढलं. मिस्त्रींनी आपली थैली उचलली आणि तेही तिच्यामागे निघाले.

पुढं अमरावतीत एका मशिदीचं काम निघालं. तिथल्या ठेकेदारानं दोघांकडे पाहून विचारलं, "मिस्त्री कोन?"

उस्मानचाचांनी तोंड उघडायच्या आत मैना पुढं झाली.

"मी. अन् हे माहे उस्ताद."