तणाचा दगड

“काका, लोक माझ्याकडे हे मारायचं औषध मागतात. हेच मागणारे तुम्ही पहिले!”

माशांच्या दुकानातल्या बाई खो खो हसल्या. स्टोअरकीपर हसले नाहीत. दुकानातल्या सगळ्यात कळकट टाकीला नाक लावून ते उभे होते. आतल्या एका दगडावर तपकिरी, फुलासारखे दिसणारे बारीक जीव डुलत होते. दुकानाच्या भाषेत तण.

“घरी नेईपर्यंत टिकतील ना?”

“टिकतील? हाकललंत तरी जायचे नाहीत.”

स्टोअरकीपरांनी चौतीस वर्षं कारखान्याचं कोठार सांभाळलं. त्यांना बघून धूळ वाट बदलते, असं सहकारी म्हणत. निवृत्तीनंतर हा जाच घराच्या वाट्याला आला. घरात एकाच जागी त्यांचं फडकं चालत नसे. बायकोची खाऱ्या पाण्याची टाकी. तीत दोन समुद्री गोगलगायी होत्या. पाठीवर शंख नाही, आकार नखाएवढा, डोक्यावर केशरी ठिपके आणि अंगभर पांढऱ्या टोकांची मऊ झालर. नटून लग्नाला निघाल्यासारख्या. आणि त्यांच्या आजूबाजूला हे तण.

“अगं, इतक्या देखण्या जिवांना असल्या उकिरड्यात ठेवतेस?”

ती कारण सांगायला लागे. तोवर स्टोअरकीपर दुसरं काहीतरी पुसायला निघून गेलेले असत.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लेकीकडे जिने नव्हते, म्हणून तीन आठवडे ती तिकडे राहिली. जाताना सगळं लिहून दिलं होतं: पाणी किती, मीठ किती, दिवा किती वेळ. ‘तण काढू नये’ हे लिहायचं तिला सुचलंच नाही. शहाणा माणूस टाकीतला दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात कशाला घालेल?

स्टोअरकीपरांनी घातला. वर ब्रशने घासला. ती आली की टाकी बघून थक्क झाली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रोज सकाळी ते वहीत नोंद करत. तापमान. मीठ. गोगलगायी: दोन. आठवड्याने झालर विरळ वाटू लागली. बाराव्या दिवशी ते वही उघडून बराच वेळ बसले. कोठारातला माल कमी भरला तरी त्यांचं पेन कधी अडलं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं: एक.

संध्याकाळी तिचा फोन आला. “काय म्हणतायत माझ्या दोघी?”

“तू आधी गुडघा वाकव,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माशांचं दुकान उघडायच्या आधीच ते तणाचा दगड मागायला दाराशी हजर होते.

“अहो, त्या याच्याशिवाय दुसरं काही खातच नाहीत,” दुकानातल्या बाई म्हणाल्या. “काकूंनी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं,” स्टोअरकीपर म्हणाले. “पुष्कळदा.”

ती परत आली ती काठी टेकत थेट टाकीपाशी. चहासुद्धा नको म्हणाली. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी खुर्ची सरकवली. तिने पुष्कळ वेळ पाहिलं.

“हा दगड आपला नाही.”

“नाही.”

“आणि एकच दिसतेय.”

त्यांनी बोलायचं मनात घोकून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. “मी टाकी साफ केली गं,” ते म्हणाले. “तू येणार म्हणून.”

त्यांच्या हातात फडकं होतं, ते तिने हलकेच काढून घेतलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

“बसा इथे. आता मी सांगते ते ऐका. मध्येच उठायचं नाही.”

“नाही उठत.”

“हे तपकिरी दिसतं ना, हे तिचं जेवण,” ती काचेवर बोट टेकवून म्हणाली. मग ती कशी खाते, झालर कशी फुलते, सगळं सांगत गेली. स्टोअरकीपरांना हे आता पाठ होतं. तरी एकदाही मान न वळवता त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आत उरलेली एकटी गोगलगाय नव्या दगडावर चढत होती.

तिचं बोट निघालं तेव्हा काचेवर ठसा राहिला. तो त्यांनी पुसला नाही.