भिंतीवरचा ठिपका

भाचीने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि टॉवेल पुन्हा काढून घेतला. टॉवेलखाली कॅमेरा लपत नव्हता, लपवलेला कॅमेरा दिसत होता. मग तिने रंगांच्या वाट्या आणि ब्रशांचा पेला उचलला आणि त्यांना कपाटात कुठे जागा होईल ते पाहू लागली.

"काय चाललंय?" मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "घर बदलतेयस की काय?"

"नऊ वाजता राज्य सरकारच्या बाई पाहणीला येणार आहेत. त्यांना यंत्र दिसायला नको. दुपारी केंद्राचे साहेब येणार. त्यांना ब्रश दिसायला नकोत."

"आणि मी? मी कुणाला दिसलेली चालेन?"

भाचीने पेला पुन्हा टेबलावर ठेवला.

त्या खोलीत डोळे बनत. प्लॅस्टिकचे, माणसाच्या खोबणीत बसतील असे, दुसऱ्या खऱ्या डोळ्याशी जुळणारे. मावशी ते हाताने रंगवायची. उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या प्रकाशात, समोर माणूस बसवून, त्याचा चांगला डोळा बघत बघत. भाचीने पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर या खोलीत एक कॅमेरा आणला होता. कॉलेजच्या भंगारातल्या सूक्ष्मदर्शकाच्या पायावर तिने तो बसवला होता आणि त्यातून माणसाचं बुबुळ पडद्यावर ताटाएवढं मोठं दिसायचं. मावशीने आठवडाभर त्याच्याकडे पाठ फिरवली होती. मग एकदा, कुणी बघत नाहीसं पाहून, ती त्या पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली होती. भाचीने ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

अडचण वेगळीच होती. रंगवलेल्या डोळ्यावर पारदर्शक थर चढवून तो दाबाखाली गरम पाण्यात शिजवावा लागतो आणि त्यांचं शिजवायचं भांडं तडकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक रंगकामानंतर दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या कवळीवाल्याच्या भांड्यात, कुणाच्या तरी दाढांच्या शेजारी, डोळे शिजत. आता कवळीवाला दुकान बंद करून मुलाकडे राहायला चालला होता. नवीन भांडं आवाक्याबाहेरचं होतं. ते आलं नाही तर या महिन्याअखेर ही खोली बंद होणार होती, आणि भाची दूरच्या शहरातल्या भिंगांच्या कारखान्यात नोकरीला जाणार होती. तिकडून बोलावणं आलेलंच होतं.

"जा की," मावशी म्हणाली होती. "कुणी बांधून ठेवलंय का?"

म्हणताना तिने ब्रशावरून नजरही उचलली नव्हती.

मग भाचीने सरकारी योजनांच्या पानांत डोकं खुपसलं. छोट्या धंद्यांना अनुदान देणाऱ्या योजना ढीगभर होत्या, पण प्रत्येकीच्या दारात एक अट आडवी पडलेली. शेवटी दोन हाताला लागल्या. राज्याची योजना हातकारागिरांसाठी होती, केंद्राची नव्या तंत्रज्ञानासाठी. भाचीने दोन्हींकडे अर्ज केले. एकात पिढीजात हस्तकौशल्य होतं, दुसऱ्यात अचूक प्रतिमामापन. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त प्रत्येक अर्जात निम्मीच खोली होती. पाहणीला कधी येऊ, असं दोन्हींकडून विचारणं झालं, तेव्हा मावशी म्हणाली, "रंगकामाच्या दिवशीच या म्हणावं, उगाच रिकामी खोली काय दाखवायची?" आणि महिना संपायच्या आत रंगकामाचा दिवस तर एकच उरला होता.

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं तर राज्याच्या बाई घाम पुसत उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे फाइल काखोटीला मारून एक उंच गृहस्थ.

"हे विश्रामगृहावर भेटले, यांची गाडी आलीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हटलं, एकाच पत्त्यावर जायचंय, चला माझ्याबरोबर. केंद्राचे आहेत हे. वाटेत बोलता बोलता कळलं, तुम्ही आमच्याकडे हाताने काम करता आणि यांच्याकडे यंत्राने!"

भाचीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मावशी मात्र खुर्च्या पुसू लागली.

साहेबांनी ब्रशांच्या पेल्याकडे पाहिलं. "हे हातकाम दिसतंय. हे तुमच्याकडे बसेल, मॅडम."

"आणि तो कॅमेरा? आमच्यात यंत्र चालत नाही हो. हे तुमचंच."

"आमच्यात ब्रश चालत नाहीत."

"कुठे बसायचं ते ठरेपर्यंत तुम्ही तरी बसा," मावशी म्हणाली आणि खुर्च्या पुढे सरकवल्या.

दोघं बसले. भाचीला वाटलं, आपण दोन डगरींवर पाय ठेवले आणि नदीने मध्येच पात्र रुंद केलं.

तेवढ्यात, जिचा डोळा त्या दिवशी रंगवायचा होता ती बाई आली. तरुण होती. बाळंतपणानंतर डोळ्यात गाठ निघाली आणि डावा डोळा काढावा लागला. आता तिथे पांढरी पट्टी होती. नवरा बाळाला घेऊन खाली जिन्यातच थांबला होता.

"रडतं हो ते," ती म्हणाली. "मी जवळ घेतलं की पट्टीच ओढतं. त्याला वाटतं, आईने काहीतरी लपवून ठेवलंय." मग परक्या माणसांना बघून ती ओशाळली. "डोळा आज मिळेल ना?"

"संध्याकाळी." मावशीने तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकणीवर ठेवायला लावली. "समोर भिंतीवर तो काळा ठिपका आहे ना, त्याच्याकडे बघायचं. आता सांगा, दिवसभर कुठे असता?"

साहेबांनी मान वर केली. "हे कशाला विचारता?"

मावशीचे हात कामात होते, म्हणून भाचीनेच सांगितलं. डोळ्यातली बाहुली उजेडात बारीक होते, अंधारात मोठी. खऱ्या डोळ्यातली दिवसभर कमीजास्त होत राहते, पण रंगवलेली एकदा रंगवली की जन्मभर तेवढीच. म्हणून माणसाचा जास्तीत जास्त वेळ जिथे जातो, तिथल्या उजेडाचं माप धरायचं. चित्रपटगृहात बॅटरी दाखवणाऱ्याला मोठी बाहुली लागते, उन्हातल्या पोस्टमनला बारीक.

"मी घरातच असते," बाई म्हणाली. "पडदे ओढून. बाळ झोपावं म्हणून."

भाचीने खिडकीचा पडदा ओढून दिवा तेवढा मंद केला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोजपट्टी लावून बाहुली मोजली आणि आकडा सांगितला. मावशीने अंदाजाने बोटांत अंतर धरून दाखवलं. दोघींचं जमलं. खिडकी पुन्हा उघडली आणि मावशीने ब्रश उचलला.

पुढचा सगळा वेळ खोलीत फक्त ब्रश हलत होता. बुबुळाच्या जागी बसणाऱ्या नखाएवढ्या चकतीवर मधोमध बाहुलीचा काळा गोल बसला. त्याच्याभोवती मध रंगाचं कडं आलं, त्यातून बाहेर जाणाऱ्या केसाहून बारीक रेषा निघाल्या. एक करडी, एक हिरवट, एक अशी की तिला नावच नव्हतं. राज्याच्या बाई नकळत खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. मावशीने चकतीवर पाण्याचा थेंब ठेवला आणि अचानक त्या रंगाला खोलवरपणा आला, विहिरीत डोकावावं तसा. चकतीतून कुणीतरी बघू लागलं.

"अरे," साहेब म्हणाले. बस्स, एवढंच.

भाचीने खिडकीचा पडदा ओढून दिवा पुन्हा मंद केला, कॅमेरा चालू केला. मावशीने चकती चांगल्या डोळ्याशेजारी धरली. दोन्ही बाहुल्या सारख्या. झालं होतं.

खाली बाळ रडू लागलं. थोडा वेळ वाट पाहून नवरा वर आला आणि दारात घुटमळला. "ऐकतच नाहीये गं," तो म्हणाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत बाळाला घेऊन ठिपक्यासमोर, कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला. आई दिसताच बाळ गप्प झालं.

"अहो," राज्याच्या बाई हळूच म्हणाल्या. "ते बघा."

पडद्यावर ताटाएवढं बुबुळ होतं आणि त्याच्या मधला काळोख पसरत होता. घाई न करता, पाणी भरत जावं तसा. मध रंगाचं कडं मागे सरलं, रेषा आखडल्या, आणि काळा गोल वाढतच राहिला. मावशीच्या हातातली चकती शेजारी होती. ती आता जुळत नव्हती.

भाचीने आधी दिव्याकडे पाहिलं. दिवा तसाच होता. तिने उजेड मोजायचं मीटर बाईच्या गालाजवळ धरलं. काटा जागच्या जागी.

"तुम्ही जरा बाहेर जाल का, बाळाला घेऊन?"

तो गेला. काळोख आक्रसला.

"या आत."

काळोख पुन्हा भरला. आता सगळेच उभे होते. भाचीला कदाचित त्याच्या गडद शर्टाचा परिणाम असेल असं वाटलं. तिने बाळ राज्याच्या बाईंकडे द्यायला लावलं, त्यांना दाराबाहेर पाठवलं आणि नवऱ्याला एकट्याला ठिपक्यासमोर उभं केलं. बाहुली जागची हलली नाही.

पडदा नवऱ्यालाही दिसत होता. "माझ्या वेळी काहीच नाही?" तो म्हणाला.

"थोडी हलली," भाची म्हणाली आणि तिने बाळाला पुन्हा आत आणायला लावलं.

साहेब खो खो हसले आणि लगेच गप्प झाले, जणू देवळात हसले असावेत.

हे भाचीने वाचलं होतं. परीक्षेत त्यावर दोन ओळींचं उत्तरही लिहिलं होतं: आवडत्या व्यक्तीकडे पाहताना बाहुली विस्तारते. पूर्ण गुण मिळाले होते. पण त्या दोन ओळींत हे नव्हतं. माणूस एक शब्द बोलत नाही, चेहरा हलत नाही आणि आत एवढं मोठं दार उघडतं, हे तिथे कुठे होतं?

"काय झालं?" खुर्चीतली बाई घाबरली होती. तिला पडदा दिसत नव्हता. "काही बिघडलंय का?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "बाळाकडे बघत राहा."

मग तिने पातं घेतलं आणि चकतीवरचा रंग खरवडून काढला.

"अहो, अहो!" साहेब पुढे झाले. "तयार होता ना तो? माझ्या अहवालात तयार नग दाखवावा लागतो."

"तो भिंतीकडे बघणाऱ्या बाईचा होता."

मावशीने चकती पुसली. भिंतीवरच्या ठिपक्याकडे ती क्षणभर बघत राहिली. तो तिच्या वडिलांनी काढला होता आणि फिकट झाला की ती दर वर्षी त्यावर नवा रंग देत असे. आजवरची सगळी मापं त्याच्याकडे बघणाऱ्या डोळ्यांचीच होती.

"पडद्यावर तू बघ," ती भाचीला म्हणाली. "मी काढते, तू सांग. पुरे?"

"अजून."

"आता?"

"जरासंच. खालून."

"आता?"

"बस."

मावशीने ब्रश उचलला. बाळाला आईची करंगळी सापडली होती आणि त्याचं तिच्याशीच काहीतरी चाललं होतं.

संध्याकाळी डोळा न्यायला येते म्हणून बाई नवरा-बाळासह गेली. निघताना दोन्ही पाहुणे जिन्यात थांबले. "हे आमच्याकडे बसवता येईल," साहेब म्हणाले. "कॅमेऱ्याशिवाय दिसलं असतं का कुणाला?"

"आणि काढलं कुणी? कॅमेऱ्याने?" बाई फणकारल्या. मग भाचीकडे वळल्या. "हे बघ बाळा, एकत्र अर्जाचीही सोय आहे. निम्मं राज्य, निम्मं केंद्र. कुणी मागतच नाही, कारण दोघांच्या सह्या एका कागदावर आणणं म्हणजे वाघाची शिकार. पण तू एकच अर्ज कर. सगळ्या खोलीचा. मिळेल असं म्हणत नाही मी. पण सह्या कुणाच्या हव्यात, ते तुला आता ठाऊक आहे."

पावलं खाली गेली. रस्त्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा वाद ऐकू येत होता.

भाची वर आली तेव्हा मावशी पेशंटच्या खुर्चीत बसली होती, हनुवटी टेकणीवर.

"मला दाखव, कसं काय दिसतं ते. म्हणजे तू बघ आणि सांग."

"हलू नकोस." भाचीने खिडकीचा पडदा ओढला, कॅमेरा चालू केला. पडद्यावर मावशीचं बुबुळ उमटलं. कडेला वयाची फिकट निळसर रेघ असलेलं, तपकिरी. इतकी वर्षं जवळ राहूनही तिने ते कधी पाहिलं नव्हतं. "ठिपक्याकडे बघ."

"बघतेय."

भाचीने बाहुली मोजली. या वयाला शोभेल अशी बारीक होती.

"त्या भिंगवाल्यांना काय कळवलंस?" मावशीने विचारलं.

"अजून काही नाही."

"कळवून टाक काय ते. लोक खोळंबतात." तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "कुणी बांधून ठेवलेलं नाही तुला."

आणि तिने ठिपक्यावरची नजर काढून कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या भाचीकडे वळवली.

भाची पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग सवयीने तिने दिव्याकडे पाहिलं.

दिवा तसाच होता.