सरांचा पहिला तास

"आई, बाबांना स्टेजवर चढवू नकोस," असं लेकीनं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पण परिषदेचं बोलावणं आलं आणि मला मेलीला मोह आवरला नाही. ज्या कलाशाळेसाठी आमच्या ह्यांनी उमेदीची वर्षं घातली, ती बंद पडल्यावर ह्यांना कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. आता तिच्या वारशावर चर्चा, आणि हे प्रमुख पाहुणे! दहा मिनिटं बोलायचं. भाषण मी लिहून दिलं होतं, घरी रोज मोठ्यानं वाचून घेतलं होतं. ह्यांच्या विसरण्याला डॉक्टरांनी एक नाव दिलंय, ते आम्ही घराबाहेर जाऊ दिलेलं नाही.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. ह्यांच्या आधी बोलणाऱ्या बाई थांबायचं नाव घेईनात. शाळेनं म्हणे शिकवण्याच्या जुन्या पद्धतींचा विध्वंस केला! अर्धा दिवस ब्रश धुण्यात घालवणारी पोरं ती, कसला आलाय विध्वंस. हे मात्र कोटाच्या बटणाशी चाळा करत शांत बसले होते.

नाव पुकारलं. हे नीट चढले, माईक जवळ ओढला, कागद उलगडला. "मित्रहो," म्हणाले. मग नजर वर उचलली, ती परत कागदावर गेलीच नाही.

सभागृह गप्प. हे समोर बघत उभे. उठून जावं? पण उठले की सगळं जगजाहीर. अहो, खाली बघा, खाली, असं मनातल्या मनात ओरडत मी खुर्चीला चिकटून राहिले.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या संयोजिकेनं माझा हात दाबला. ती ह्यांची जुनी विद्यार्थिनी. बाईचे डोळे भरून आले होते.

"सरांचा पहिला तास!" ती कुजबुजली. "नव्या वर्गासमोर सर असेच नुसते उभे राहायचे. चकार शब्द काढायचे नाहीत. शेवटी आम्हीच कंटाळून काहीतरी करायला घ्यायचो."

मी मागे वळून पाहिलं. टक्कल पडलेले जुने विद्यार्थी पेन्सिली काढून ह्यांचं चित्र काढत होते. कुणी कार्यक्रमपत्रिकेच्या घड्या घालत होतं. देव पावला! मला तर हसूच फुटायला आलं. ह्यांचे ओठ हलत होते, हातातला कागद थरथरत होता. लोक तेही चितारत होते.

अखेर अध्यक्ष उठून टाळ्या वाजवू लागले, मग सगळेच उभे राहिले. 'बोका' म्हणून वर्गात प्रसिद्ध असलेला एकजण ह्यांना धरून खाली घेऊन आला. "सर, अगदी तस्संच!" म्हणत त्यानं चित्र पुढे केलं. हे तोंडभर हसले. मला वाटलं, सुटलो.

तो गेल्यावर ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

"अगं, मला काही म्हणजे काही आठवेना," हे हळूच म्हणाले. "एवढी माणसं बसलेली. मदतीला कुणी उठलंच नाही."

"त्यांना कळलं नाही हो."

ह्यांनी माझा हात सोडला.

"पण तुला कळलं होतं," म्हणाले.