काशिरामच्या मानेतली नस आणि मी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. मी पनवेलच्या एका इस्पितळातलं रक्त तपासणारं जुनं यंत्र आहे, आणि एका माणसाच्या दारात आलेला पक्षाघात मी एकट्यानं परत धाडला आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. जासईजवळच्या बंदरात उतरलो तेव्हा मला उचलायला चार क्रेन लागल्या. आता मी पावाच्या डब्याएवढा दिसतो, पण ते सोडा. माझं काम एकच. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. जखम दिसली की ते हातात हात घालून गुठळी करतात. त्यांना शांत ठेवायची गोळी असते. ती रुग्णाला लागू पडली की नाही, ते मी आकड्यात सांगतो. आकडा मोठा, म्हणजे या कणपोरांचा दंगा चालूच.

पुढे चकचकीत यंत्रं आली. गोळी दिली म्हणजे लागू पडलीच, असं सगळे धरून चालले. आमची लॅबवाली समीक्षा माझ्या डोक्यावर जेवणाचा डबा ठेवू लागली.

मग उरणचा काशिराम कोळी आला. जाळं ओढताना त्याचा उजवा हात एकाएकी लुळा पडला होता, जीभ अडखळली होती. थोड्या वेळानं सावरला, पण मेंदूकडे जाणारी मानेतली नस अरुंद झाली होती. म्हणून आठवडाभर त्याला तीच गोळी चालू होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अरुंधती तीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवणार होत्या. प्लेटलेट शांत नसतील तर त्या जाळीवरच गुठळी धरते आणि थेट मेंदूत जाते.

"आधी रक्त तपासा," त्या म्हणाल्या. डबा खाली उतरला.

मी भलामोठा आकडा दाखवला. गोळीचा मागमूस नव्हता.

"काशिरामदादा, गोळ्या बुडवल्यात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज घेतो. दर्याची आन."

"सगळे असंच म्हणतात," समीक्षा पुटपुटली.

त्याची बायको शांती पुढे झाली. "देवाची आन यांनी चायसाठी पन घातली असती, बाय. दर्याची खोटी नाय घालनार. परत तितंच जायाचं हाय."

डॉक्टरांनी माझा आकडा पुन्हा पाहिला. "मग गोळी पोटात जाते, पण लागू पडत नाही. काहींच्या शरीरात ती जागीच होत नाही."

"आमच्या शेजारच्या बळीरामला तं तीच चालते," काशिराम कुरकुरला.

"एकाच खाडीत त्याला कोलंबी, तुमाला चिखल," शांती म्हणाली. "तुमचं नशीब आजचं हाय काय तसं?"

डॉक्टरांनी स्टेंट पुढे ढकलला आणि गोळी बदलली. काही दिवसांनी पुन्हा त्याचं रक्त माझ्याकडे आलं. आकडा असा उतरला की ओहोटीनं लाजावं. स्टेंट बसला, आणि काशिराम त्याच उजव्या हातानं पुन्हा जाळं ओढू लागला.

म्हणून मित्रांनो, कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावरची धूळ अधूनमधून पुसा. दुसऱ्याला चालली ती गोळी आपल्यालाही चालेल, असं धरून बसू नका.

त्या हाताला लागलेलं पहिलं पापलेट शांतीनं तळून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी ते काट्यासकट फस्त केलं.

"थापा पुरे," फडकं झटकत समीक्षा म्हणाली. "पापलेट मी खाल्लं. तुझ्याच डोक्यावर ताट ठेवून."