उद्या काढणे

दुसऱ्यांच्या घरचे राउटर बघितले की धाकट्याला मळमळायचं. वीस वर्षं लोकांची नेटवर्कं दुरुस्त करून त्याचं मत ठाम झालं होतं: माणसं बूट पुसतात, राउटर पुसत नाहीत. त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घरचा राउटर तर बुटांच्याच कपाटामागे होता. धुळीत केसांचे गुंते, एक मेलेलं झुरळ, आणि चिकट झालेल्या कागदावर वायफायचा पासवर्ड.

"भाऊजी, हे काय आहे?"

"अरे, रेंज तिथूनच चांगली येते," ताईचा नवरा म्हणाला.

ताई समुपदेशक होती. घरात कुणाला न सांगितलेलं लोक तिला सांगत, आणि ती ते घरच्या कॉम्प्युटरवर लिहून ठेवी. क्लिनिकमधून ती याच कॉम्प्युटरला इंटरनेटवरून जोडून घ्यायची. आज सकाळपासून जोडणीच होईना. खातं लॉक झालंय, एवढंच दिसत होतं. अकराला एक बाई यायच्या होत्या आणि त्यांच्या आधीच्या नोंदी हव्या होत्या.

"तुम्ही काय काय दाबलंत?"

"मी फक्त बातम्या बघतो."

"सगळे हेच सांगतात!" धाकटा खेकसला. ब्राउझरभर फुकट बक्षिसांच्या जाहिराती नाचत होत्या. कीबोर्डमध्ये बिस्किटाचा चुरा होता. असल्या माणसांच्या हाती कॉम्प्युटर द्यायचाच कशाला, असं तो त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटला. भाऊजींनी मुकाट्याने फडकं आणून झुरळ उचललं.

खातं लॉक होतं ते चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकल्यावर. धाकट्याने लॉगिनच्या नोंदी उघडल्या. मिनिटाला तीस-चाळीस प्रयत्न, कुठकुठल्या देशांतून, कित्येक महिने. आधी भलत्याच नावांवर, आज पहाटेपासून थेट ताईच्या नावावर. तिचं नाव त्यांना कळलं होतं.

हे लोक राउटरवरच अडायला हवे होते. म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल बाजूला सारून कुणीतरी बाहेरून सरळ या कॉम्प्युटरपर्यंत वाट उघडी ठेवली होती. "कुठल्या गाढवाने केलंय हे?" म्हणत त्याने राउटरची सेटिंग उघडली.

बाहेरच्यांना आत सोडणारा एकच नियम होता. शेजारी शेरा: "टेस्टिंग. उद्या काढणे." तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

असले शेरे घरात एकच माणूस लिहायचा, तो स्वतः. त्या दिवशी सुरक्षित जोडणी काही केल्या लागेना, म्हणून नेमकं कुठे अडतंय ते बघायला त्याने पाच मिनिटांसाठी वाट मोकळी केली होती. लगेच जोडलं गेलं, ताई खूश झाली, आणि तो पुढच्या कामाला पळाला. तपासणीपुरतं एक खातंही उघडलं होतं. नाव टेस्ट, पासवर्ड टेस्ट, वर सगळे अधिकार.

त्याने घाईघाईने तो नियम काढला, केबल उपसली आणि टेस्ट खात्याच्या नोंदी पाहिल्या. नऊ दिवसांपूर्वी बाहेरचं कुणीतरी त्यातून आत येऊन पन्नास मिनिटं बसलं होतं. उघडलेल्या फायलींच्या यादीत ताईच्या माणसांची नावं ओळीने होती.

फोन वाजला. "झालं का रे? त्या बाई बाहेर येऊन बसल्यात," ताई म्हणाली. "यांनीच काहीतरी करून ठेवलं असणार ना?"

त्याने फोनवर हात ठेवला. भाऊजींनाही ते ऐकू गेलं होतं; हातात फडकं घेऊन ते त्याचा उतरलेला चेहरा बघत होते. "माझं नाव सांग," ते हळूच म्हणाले. "मला सवय आहे."

आणि क्षणभर धाकट्याला खरंच बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची इतकी शिसारी आली, जितकी झुरळाचीही आली नव्हती.

"ताई, भाऊजींनी नाही, मी केलंय. आठ महिन्यांपूर्वी वाट उघडी टाकून गेलो. कुणीतरी आत येऊन तुझ्या नोंदी उघडल्यात. सगळ्यांच्या."

 पलीकडे क्लिनिकचं दार वाजलं आणि एका बाईचा आवाज आला, "येऊ का आत?"

"दोनच मिनिटं हं," ताई म्हणाली. दार बंद झाल्यावर तिने अगदी खालच्या आवाजात विचारलं, "इथलं इथेच राहील, असं मी तीनदा सांगितलं तेव्हा कुठे बोलायला लागल्या त्या. आता काय सांगू त्यांना?"