टाकेकाकांचा खिसा

“सासऱ्यांचा खिसा बघत जा गं,” शेजारच्या मुद्देमालवाल्या मावशींनी मला जिन्यातच अडवलं. माझ्या काखेत छोटी, दुसऱ्या हातात ओल्या कपड्यांची बादली.

“खिसा?”

“उजवा. पुलावर, बसथांब्यांवर, बागेच्या फाटकाशी आजपासून तपासणी आहे. धारदार, टोकदार, जे सापडेल ते काढून घेणार. का बाळगलं ते पटवून देता आलं तर ठीक, नाहीतर जप्त. डेपोकडून एक चिठ्ठी आण, ‘हे आमचे कारागीर आहेत’ अशी. एवढी शिकलेली आहेस, दोन ओळी लिहून घ्यायला काय जातंय?”

“अहो मावशी, बाबांना कोण अडवतंय? सत्तरीला आलेला माणूस. पोलीस उलट त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून देतील.”

“तपासणीच्या यंत्राला वय कळत नाही, बाई. वाजलं की वाजलं.”

मी हसले आणि वर गेले. कपडे वाळत घालायचे होते, छोटी भुकेने किरकिरत होती, आणि मावशींचं असं काही ना काही चालूच असतं. तीस वर्षं त्या पोलिसांच्या जप्तीच्या खोलीत होत्या. आलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची, क्रमांक घालायचा, फळीवर लावायची. “पेचकस आले, बर्फ फोडायचे टोचे आले. एकदा तर भांडणात वापरलेला दरवाजा आला. चौकटीसकट!” हे त्या रंगवून सांगतात आणि आपण ऐकून सोडून द्यायचं असतं. तेही मी सोडून दिलं.

शिवाय तो नियम मला हवाच होता. दोन महिन्यांपूर्वी आमच्या थांब्यावर दोन पोरांची जुंपली आणि एकाने दुसऱ्याच्या पोटात भाजीची सुरी खुपसली. मी छोटीला घेऊन दहा पावलांवर उभी होते. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या आयांनी अर्ज दिला, पोलिसांना झडतीचे अधिकार द्या म्हणून. त्यावर तिसरी सही माझी आहे.

बाबा म्हणजे माझे सासरे. बस डेपोत सीट शिवायचे. प्रवासी ब्लेडने सीट फाडतात, आतला फोम उपसतात, आणि बाबा ते पुन्हा बसण्यासारखं करतात. अडतीस वर्षं हेच. त्यांचं आडनाव डेपोत कुणाला ठाऊक नाही, सगळे टाकेकाका म्हणतात. निवृत्तीनंतरही सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना बोलावणं यायचं, कारण नव्या पोरांना शिलाईचं मशीन पळवता येतं, पण कापडाला धक्का न लावता जुनी शिवण उसवता येत नाही.

उसवायला बाबांची एक सुरी होती. करवतीच्या तुटक्या पात्याची, त्यांनीच दगडावर घासून केलेली. बोटभर लांब, टोकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक, मुठीला आणि म्यानाला सीटचंच हिरवं रेक्झिन. डेपोतल्या कारागिरांची रीत अशी, की आपलं पातं तिथल्या कपाटात ठेवायचं नाही आणि कुणाला वापरायला द्यायचं नाही. दुसऱ्याच्या हाती गेलं की पातं आपला हात विसरतं म्हणतात. म्हणून ती रोज घरी यायची आणि कपाटावर बसायची.

मग छोटी रांगायला लागली. मी टेबलाचे कोपरे कापडाने बांधले, कात्री फ्रीजवर चढवली, सुया तर घरातून हद्दपारच केल्या. आणि एक दिवस वळून बघते तर छोटी फरशीवर बसून सुरीचं रेक्झिनचं म्यान चोखतेय. पातं आत होतं. कपाट पुसताना मीच ती खाली ठेवली होती आणि विसरले होते. पण ओरडले मात्र बाबांवर.

“ही घरात नको! वर नको, कुलपात नको, कुठेच नको. तुमच्या अंगावर ठेवा.”

“आंघोळीला जाताना?”

“बाथरूमच्या खुंटीवर. पँटच्या खिशात.”

“बरं बाई. दाढीचं पातंही खिशातच ठेवतो. मिशांना धाक राहील.”

मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून सुरी त्यांच्या उजव्या खिशात राहिली. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्याही. पँट बदलली की आधी सुरी हलवायचे, मग चष्मा. मी मुकाट्याने बघायचे आणि मला बरं वाटायचं.

मावशींनी जिन्यात अडवल्याला चारच दिवस झाले असतील. रविवार होता. बाबा छोटीला बाबागाडीत घालून बागेत गेले होते. अर्ध्या तासाने फोन वाजला. “तुमचं बाळ सुखरूप आहे,” एक बाई म्हणाली. “बागेच्या फाटकाशी या.”

बाळ सुखरूप आहे हे वाक्य कुणी कधी आईला फोनवर सांगू नये. मी कशी धावले ते मला आठवत नाही.

फाटकाशी एक टेबल मांडलं होतं. त्यावरच्या ट्रेमध्ये दोन पेचकस, एक कात्री आणि बाबांची सुरी. टेबलामागे माझ्याच वयाची पोलीसबाई. बाबा बाबागाडीची दांडी दोन्ही हातांनी धरून उभे. छोटी मजेत अंगठा चोखत होती.

“ही यांची?”

“हो. ते कारागीर आहेत, डेपोत सीटा…”

“ते त्यांनीही सांगितलं. आज काम होतं?”

“आज रविवार.”

“तेच म्हणतेय मी. सुट्टीच्या दिवशी, बाळाला घेऊन बागेत येताना सुरी कशाला? तीसुद्धा घरी घासलेली. मला हौस नाही हो. नियमात सोय आहे, योग्य कारण सांगा आणि घेऊन जा. पण हे कारणच सांगत नाहीत.”

बाबा जमिनीकडे बघत होते. माझं नाव ते घेणार नव्हते. खरं कारण माझ्या ओठांवर होतं, मीच बोलायचं होतं. तेवढ्यात शेजारचा शिपाई वही उघडून विचारायला लागला, “बाळाचं वय? दिवसा कोण सांभाळतं? घरात अशा आणखी वस्तू आहेत का?”

मागे आयांचा घोळका जमला होता. माझ्या सहीच्या वर-खाली ज्यांच्या सह्या होत्या, त्याच. एकीने आपल्या मुलाला बाबांपासून बाजूला ओढलं. मला घरातली फरशी दिसली, छोटीच्या तोंडातलं म्यान दिसलं. ते आता त्या वहीत लिहिलं जाणार. मग कोणीतरी घर बघायला येणार, कपाटं उघडणार, मला प्रश्न विचारणार आणि माझ्या मांडीवरच्या छोटीकडे बघत बघत उत्तरं लिहून घेणार.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले.

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. मशीनमध्ये दोरा अडकला की कुठे अडकलाय ते बघावं, तसं. मग पोलीसबाईकडे वळून म्हणाले, “तिला माहीत नव्हतं.”

“मग का बाळगलीत, काका?”

“सवय.”

“सवय हे कारण होत नाही.”

वयाकडे बघून नुसती समज दिली. पावतीवर लिहिलं होतं: ‘एक धारदार वस्तू, घरगुती बनावटीची. बाळगण्याचे समाधानकारक कारण दिले नाही.’ परत हवी असेल तर एकवीस दिवसांत मालकाने सहीनिशी अर्ज करायचा. घरी येताना बाबा अख्ख्या रस्त्यात एवढंच बोलले, “दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घातल्यास.”

मावशींनी डोक्याला हात लावला. “तोंडाला कुलूप लावायला तुला तोच दिवस सापडला? आता अर्ज लिही. सगळं खरं लिही.”

मी लिहिला. चार वेळा खोडून पाचव्यांदा. बाबांनी चष्मा लावून वाचला आणि घडी घातली.

“यात तू लिहिलंयस की तुला माहीत होतं.”

“होतंच ना, बाबा. मीच सांगितलं होतं तुम्हाला.”

“त्या दिवशी नव्हतं म्हणालीस. तेही वहीत आहे. दोन कागद दोन गोष्टी बोलायला लागले की विचारतील, बाळाची आई पहिल्यांदा खोटं का बोलली?”

“विचारू देत.”

“नको. पातंच आहे ते. दुसरं घासता येतं.”

पण दुसरं त्यांनी घासलं नाही. घासलं असतं तर ठेवायचं कुठे? घरात मी नको म्हटलेलं, रस्त्यावर पोलीस नको म्हणत होते.

“रागावलेत का तुझ्यावर?” नवऱ्याने विचारलं. नाही, मी म्हटलं. रागावले असते तर मला झोप तरी लागली असती.

एकोणिसाव्या दिवशी छोटीला कडेवर घेऊन मी एकटीच चौकीत गेले. तीच पोलीसबाई होती. सगळं सांगितलं, म्यानासकट. तिने शांतपणे ऐकलं. वहीला हातही लावला नाही. “तेव्हाच बोलला असतात तर तिथल्या तिथे दिली असती,” ती म्हणाली. “आता मालकाची सही लागते. त्यांना घेऊन या.” घर बघायला कुणी येणार नव्हतं. कधीच येणार नव्हतं, बहुतेक.

मी बाबांच्या हातापाया पडले. ते छोटीच्या बाहुलीचे लोंबते दोरे कापत होते, माझ्या प्लास्टिकच्या कात्रीने. “तू गेलीस, सांगितलंस. झालं की,” म्हणाले. सही केली नाही. बाविसावा दिवस उजाडला. मावशी म्हणाल्या, “महिन्याच्या शेवटी सगळं भट्टीत जातं. याद्या मीच करायचे.” आणि त्या दिवशी त्यांनी दरवाजाचा किस्सा सांगितला नाही.

डेपोने बाबांना भांडारातलं तयार पातं दिलं, सकाळी सही करून घ्यायचं, संध्याकाळी परत करायचं. दुसऱ्याच शुक्रवारी त्यांच्या हातून नवंकोरं कव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. घरी येऊन म्हणाले, “आता मीच फाडायला लागलो.” पुन्हा गेले नाहीत.

पण घराबाहेर रोज पडतात, डेपोच्या वेळेला, वारांचा हिशेब न ठेवता. दारात उभे राहून आधी दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढतात. पांढरं अस्तर दोन्ही बाजूंना लोंबत असतं. “बाबा, आत घाला ना,” मी म्हणते. “असू दे. कुणाला विचारायचे कष्ट नकोत.” छोटी बाबागाडीकडे बोट दाखवून रडते, ते तिच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि एकटेच जातात.

एकदा मी मागोमाग गेले. ते बसमध्ये चढले, सगळ्यात मागच्या सीटवर बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन तसेच परत आले. सगळा वेळ त्यांचा उजवा अंगठा सीटच्या शिवणीवरून फिरत होता. एका जागी टाका सुटला होता, तिथे तो थांबायचा, थोडा वेळ तिथेच राहायचा. पूल यायच्या आधीच्या थांब्यावर ते उतरले आणि उरलेला रस्ता चालत आले, पुलावरचं तपासणीचं टेबल टाळून, खालच्या वाटेने.

छोटीला सध्या ताप आहे, मला रोज मागे जाता येत नाही. परवा त्यांना घरी यायला दोन तास उशीर झाला. विचारलं तर म्हणाले, उतरायचं विसरलो.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही बसने जात असाल आणि मागच्या सीटवर खिशांची अस्तरं बाहेर काढलेले एक म्हातारे गृहस्थ दिसले, तर त्यांच्या शेजारी जरा बसाल? खिशांबद्दल काही विचारू नका. पाणी प्यायलात का, एवढंच विचारा. आणि पुलाच्या आधीचा थांबा आला की त्यांना आठवण करून द्या. खाली मी उभी असेन, छोटीला शालीत गुंडाळून.