श्वासबाबांचा मास्क

श्वासबाबांनी मास्क वाटीसारखा धरून त्यात पेलाभर पाणी ओतलं. थेंबही खाली पडला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग दुसरा मास्क तोंडाला बांधून त्यांनी समोरच्या मेणबत्तीवर जोरात फुंकर मारली. ज्योत हलली नाही. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"माझ्या गुरूंनी बारा वर्षं श्वास रोखून हे वस्त्र विणलंय!" बाबा गरजले. "ज्यातून पाणी जात नाही, वारा जात नाही, त्यातून रोग कसा जाईल?"

तिसऱ्या रांगेतल्या शिवणवालीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बारा वर्षं श्वास न घेणाऱ्या माणसाला मास्क हवा कशाला? पण एका बाजूला सासूबाई हात जोडून बसलेल्या आणि दुसऱ्या बाजूला नवरा तसलाच मास्क लावून लालबुंद झालेला. तो पिठाच्या गिरणीत कामाला होता, तिथूनच थेट आला होता. त्याला दमा होता, आणि बाबांच्या सांगण्यावरून सासूबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी त्याचा दम्याचा पंप बंद करून हा मास्क लावायला सांगितलं होतं.

"घुसमटतंय का हो?" तिनं विचारलं.

"पाप बाहेर पडतंय म्हणे," तो धापा टाकत म्हणाला.

पाप तिला दिसत नव्हतं, पीठ मात्र दिसत होतं. रोज तो मास्क काढायचा तेव्हा झाकलेल्या गालांवरून नाकापर्यंत पांढरे पट्टे उमटलेले असायचे. कापड पारखताना ती ते कानाशी चोळून बघायची, वीस वर्षांची सवय. नवऱ्याचा मास्कही तिनं तसाच चोळून पाहिला होता. सुती कापड करकरत नाही, आणि हा करकरला होता. आता तिला बसवेना. ती सरळ मंचावर गेली.

"बाबा, मेणबत्ती मी धरू का जरा?"

"धर की, माते!" बाबा खुशीत आले.

तिनं मेणबत्ती त्यांच्या मास्कच्या कडेला, गालाशी नेली. "हं, आता फुंका."

बाबांनी सवयीनं फुंकलं. ज्योत फट्कन विझली.

"तुझी श्रद्धा कमी पडली!"

"श्रद्धा माझी असेल, फुंकर तर तुमचीच होती ना?" असं म्हणत तिनं मेजावरचा एक मास्क उचलून पिशवीतल्या कात्रीनं उसवला. दोन पदरांमधून प्लास्टिकचा तुकडा निघाला, त्यावर निळी बदकं. "हे बघा गुरूंचं वस्त्र. न्हाणीघराचा पडदा आहे हा!"

सभागृहात हशा पिकला. ती मात्र हसली नाही. "प्लास्टिकमधून हवा जात नाही, म्हणून श्वास गालांच्या फटीतून ये-जा करतो. धूळही तिथूनच आत शिरते. मास्कचं कापड घट्ट विणीचं हवं, पण श्वास त्याच्यातूनच गाळून यायला हवा आणि कडा चेहऱ्याला नीट बसायला हव्यात. मीही दोन पदरी सुती मास्क शिवते, त्यानं थोडी धूळ अडते, सगळी नाही. गिरणीतल्या पिठासाठी धुळीचा खास मास्क मिळतो, तो लावावा. आणि दमा कुठल्याच कापडानं बरा होत नाही."

बाबांची भंबेरी उडाली. त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यालाच विचारा! सांग, बरं वाटतंय ना तुला?"

नवऱ्यानं आईकडे पाहिलं, मग मास्क खाली ओढला. गालांवरचे पांढरे पट्टे सगळ्यांना दिसले. "नाही. पंप सुटल्यापासून एक रात्र धड झोपलो नाही. आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो."

सासूबाईंचे जोडलेले हात सुटले. "माते, परीक्षेची घडी आहे ही," असं काहीतरी बाबा पुटपुटले.

"तू गप्प बस!" सासूबाई कडाडल्या. त्यांनी लेकाला दंडाला धरून उठवलं. "चल, आधी दवाखान्यात." दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या आणि गर्दीकडे वळल्या.

"याच्या सांगण्यावरून घरातल्या कुणाचं औषध बंद केलं असेल, तर आजच्या आज डॉक्टरांना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर तो कसा होतो ते विचारा. विचारायला लाजू नका, घाबरू नका. मी विचारलं नाही."